हात धुतलेस का?

२८ ऑगस्ट

पोचले एकदाची पिस्कॅटवेला! पद्मजाकाकूंनी वरची खोली दिली आहे, खिडकीतून मेपल दिसतो. काकू निवृत्त डॉक्टर, एकट्याच राहतात; मुलगा नील तिकडे मिशिगनमध्ये. उन्हाळ्यात त्यांची किडनी बदलली आणि ती टिकावी म्हणून चालू असलेल्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती पार तळाला गेली आहे. म्हणून घरात नियम एकच, बाहेरून आलं की आधी हात. मी बॅग टेकवायच्या आतच आतून आवाज आला, "हात धुतलेस का गं?" नर्सिंगच्या मुलीला हे विचारताय, म्हणून मी हसले. मग गरम वरणभात. खूप बरं वाटलं.

९ सप्टेंबर

प्रोफेसरांनी रिसर्चचं काम दिलं: नर्सिंगच्या नव्या मुलांना हात धुण्याबद्दल किती माहिती आहे ते तपासायचं. प्रश्न मीच काढले. सातव्यावर मी खूश आहे: जुलाबाचा एक जंतू सॅनिटायझरने मरतच नाही, त्याला साबण-पाणीच लागतं. पोरं हुशार, तोही सोडवला. मग हातांना चमकणारं लोशन लावून धुवायला सांगितलं आणि जांभळ्या दिव्याखाली धरायला लावलं. जिथे धुवायचं राहतं तिथे चमकतं. बहुतेकांचे अंगठे काजव्यासारखे! माझे हात स्वच्छ, अर्थात. काकू म्हणाल्या, ही मुलगी आता पोरांच्या हात धुवून मागे लागणार.

२ ऑक्टोबर

हॉस्पिटलची ड्युटी. वेगळ्या खोलीत एक आजोबा होते, जन्मभर सुतारकाम केलेले, त्याच जुलाबाने खंगलेले. निघताना मी ग्लोव्ह्ज काढले तोच त्यांनी माझा हात धरला. सोडवून घ्यायला जीव होईना. त्यांचा अंगठा माझ्या तळव्यात रुतला होता. रुंद, मधोमध करवतीचा आडवा व्रण. बस चुकेल म्हणून दाराजवळचं जेल चोळलं आणि पळाले. घरी काकूंनी नेहमीचं विचारलं. मी पटकन हो म्हटलं आणि त्यांच्या गोळ्या काढून दिल्या.

जेवताना सातवा प्रश्न आठवला. घास तोंडातच राहिला. उठून कोपरापर्यंत हात घासले. काकूंना बोलले नाही. इतक्या चांगल्या आहेत त्या.

४ ऑक्टोबर

आजोबा त्याच दिवशी गेले, मी निघाल्यावर लगेच. आज लॅबमध्ये दिवा लावला. लोशनची बाटली अजून बंदच होती. माझ्या तळव्यावर अंगठा चमकत होता. रुंद. आडव्या व्रणाचा.

साबणाने जात नाही. ब्लीचनेही नाही.

७ ऑक्टोबर

दिवा घरी आणला. काकूंचा पेला, गोळ्यांची डबी, त्यांच्या दाराची मूठ, सगळीकडे तोच अंगठा. पण मी तर त्या दिवसापासून घरात ग्लोव्ह्ज घालून वावरते. हे ठसे ताजे आहेत. आणि दरवेळी दिवा लावला की त्यांच्या पलंगाच्या थोडे जवळ.

९ ऑक्टोबर

काकूंना जुलाब. ताप. शेवटी खरं सांगितलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाल्या, "मला सांगायचंस ना गं तेव्हाच."

दिव्याचं सांगितलं नाही. त्या झोपल्या असताना त्यांच्या उशीवर दिवा धरला होता. उशीवर आहे. अजून कपाळावर नाही.

१० ऑक्टोबर

दुपार. ॲम्ब्युलन्स बोलावली आहे. नील विमानात. मी वरच बसलेय, दार लावून. माझा हात त्यांना लागायला नको. खाली काकूंना पलंगावरून उठवत नाही. घरात दुसरं कोणी नाही —

खाली नळ सुरू झाला.

बराच वेळ चालू आहे. कोणीतरी नीट धुतंय. तळवे. बोटांच्या मधे. घाई नाही —

बंद.

काकूंचं दार करकरलं. त्यांचा आवाज, खोल गेलेला.

"गिरिजा, आलीस? हात धुतलेस का गं?"

मी वर आहे. काकू, मी वर आहे — ओरडतेय, पण घशातून —

खाली कुणीतरी हो म्हणालं. माझ्या आवाजात. अगदी त्या दिवशीसारखं, पटकन, जराही न —