मला हब रिडक्शनच पाहिजे

१२ नोव्हेंबर २०१७
तलासरीला खाणीवर जाऊन आले. गाडीच्या अपघातात हे अंथरुणाला खिळले त्याला नऊ महिने झाले, तरी मॅनेजरचं तेच पालुपद. "ताई, वाईट झालं, पण चूक बबनचीच. चढावर दुसरा टाकायला गेला, गिअर बसला नाही, भरलेली गाडी मागे आली."
म्हटलं, आणि मागच्या चाकाचा शाफ्ट तुटला तो? तर म्हणे, गाडी मागे येऊन आपटली तेव्हा तुटला. वा रे वा. बाहेरचं कवच, ते हौसिंग, धड आणि आतला शाफ्ट आपटून तुटला.
चहा अर्धा टाकून उठले.

१३ नोव्हेंबर
यांना परत विचारलं. "पहिल्यातच होतो," एवढंच म्हणाले आणि कूस बदलली. खुबा दुखतो म्हणून नाही, मला माहीत आहे. वीस वर्षं गाडी चालवली माणसाने, आणि आता चारोटीच्या टपरीवर यांना 'न्यूट्रल' म्हणतात.
रमेशभाऊजी ओट्यावर बसून ऐकत होते. माझे दीर, आणि स्वतः ड्रायव्हर. त्यांनाही मॅनेजरचंच खरं वाटतं. तोंडावर बोलत नाहीत, पण मला दिसतं ना.

२ डिसेंबर
जुनी गाडी मोडीत गेली. नवा टिपर घ्यायचा, भाऊजी चालवणार, इथवर एकमत. पुढे भांडण. मला मागच्या चाकांना हब रिडक्शनचा एक्सल हवा, भाऊजींना साधा. हायवेला पळते, डिझेल कमी पिते, सुरतची भाडी मारता येतात. मी म्हटलं, आपलं काम खाणीतून खडी वर काढायचं आहे, सुरतेला जरीची साडी आणायला जायचं नाही.
"वहिनी, मी तुम्हाला स्वयंपाकातलं सांगतो का?"
"रोज सांगता. मीठ कमी, मीठ जास्त."
भाऊजी चप्पल घालून बाहेर गेले.

४ डिसेंबर
यांनी नीट समजावलं. नऊ महिन्यांत एवढं बोलले नव्हते. साध्या एक्सलला सगळा जोर शाफ्टमधून चाकाला जातो. चढ उभा, गाडी वाजवीपेक्षा जास्त भरलेली, की शाफ्ट पिळवटतो आणि एक दिवस जातो. हब रिडक्शनला चाकापाशी अजून गिअर असतात. जोर तिथे वाढतो, शाफ्टवर ताण कमी येतो. गाडी हळू चालते, डिझेल जास्त खाते.
खाऊ दे. घरात एक माणूस आडवा पडला तेवढा पुरे.

१० डिसें.
खाणीला सुट्टी. गवंड्याकडून पाण्याची नळी मागून आणली आणि चढ मापला. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला वॉचमन. आधी हसला, मग मन लावून नळी धरली. मॅनेजर सांगत फिरतो, बारा फुटाला एक फूट चढ. मधल्या वळणावर सात फुटाला एक निघाला. दोनदा मापला. वहीत लिहिला, वॉचमनची सही घेतली.

१८ डिसें.
वापी, शोरूम. सेल्सवाला सगळं भाऊजींकडे बघून बोलतो. मी हब रिडक्शन म्हटल्यावर त्यांनाच विचारतो, बेनला कुणी सांगितलं? मग माझ्याकडे वळून, "बेन, एवरेज नहीं मळे." म्हणजे डिझेल परवडणार नाही. वही उघडून समोर ठेवली. सातास एक, भरलेली गाडी, दिवसाला दहा खेपा. सांग कोणता एक्सल देतोस.
आत जाऊन साहेबाला घेऊन आला. साहेब म्हणाला, बाई बरोबर बोलतात.
येताना भाऊजी तलासरीपर्यंत खिडकीबाहेरच बघत होते. मी शेंगा खात बसले.

९ फेब्रुवारी २०१८
गाडी आली. महालक्ष्मीला नेऊन नारळ फोडला, टायरखाली लिंबं ठेवली. हे अंगणात खुर्चीवर. काठीने चाकाच्या हबवर टकटक केलं आणि मान हलवली.

३ मार्च
हायवेला सगळे ओव्हरटेक करतात. भाऊजींना 'बैलगाडी आली' म्हणून चिडवतात, ते घरी येऊन माझ्यावर चिडतात. पण चढावर? "चढते," म्हणाले. कशी चढते? "चढते म्हटलं ना वहिनी." बस, माझं पोट भरलं.

८ ऑगस्ट
पावसामुळे खाण बंद. भाऊजींनी मोबाइलवर दाखवलं, सरकारने एक्सलवरचं वजन वाढवून दिलंय. हे म्हणाले, कागद बदलला, लोखंड तेच आहे.

२२ ऑक्टोबर
दसऱ्यानंतर खाण सुरू. पहिल्याच दिवशी प्रत्येक गाडीत पोकलेनच्या दोन बकेट जास्त. नव्या नियमात बसतं त्याच्याही वर. मी गेले भांडायला. मॅनेजर हसतो. "ताई, तुमची तर आरामात चढते. तुम्हीच सांगत होता ना, हब रिडक्शन? तुमची चढली की बाकीचे कुठल्या तोंडाने नाही म्हणतील?"
अंगाचा तिळपापड झाला. एवढं भांडून घेतलेली गाडी, आणि हा माणूस तीच इतरांपुढे नाचवतोय. बाकी अकरा गाड्या साध्या एक्सलच्या. शाफ्ट त्यांचे जाणार, गाडीसकट मागे ती माणसं येणार.
म्हटलं, माझ्या गाडीत जुनंच माप. नसेल जमत तर गाडी घरी उभी राहील.
"राहू दे," म्हणाला.

२४ ऑक्टो.
गाडी अंगणात. भाऊजी भडकले. "आपली गाडी खेचते ना? दुसऱ्यांचं आपल्याला काय?"
"तुमच्या दादाचं कुणाला काय पडलं होतं?"
"दादाची गोष्ट वेगळी." बोलून गेले. आतून यांनी ऐकलं. मी किल्ली कमरेला खोचली. भाऊजी उद्यापासून खाणीचीच एक गाडी चालवणार, साध्या एक्सलची. जा म्हटलं.
रागाने म्हटलं. आता जीव टांगणीला लागलाय.

३० ऑक्टो.
भाऊजी दुपारीच परत. शर्ट धुळीने पांढरा. मधल्या वळणावर शाफ्ट गेला. भरलेली गाडी ब्रेक दाबूनही मागे सरकत गेली, नशिबाने डाव्या भिंतीला टेकून थांबली.
माझ्याकडे पाहिलंच नाही. सरळ यांच्या खाटेपाशी जाऊन खाली बसले.
"दादा, पहिल्यातच होती रे."
यांनी भाऊजींच्या डोक्यावर हात ठेवला, ठेवूनच बसले. मी चुलीकडे गेले आणि पदर तोंडात कोंबून रडले. सुखाने रडले, लाज कसली.

३१ ऑक्टो.
खाणीवरून निरोप: रमेशचा गिअर चुकला. दोघं भाऊ सारखेच.
एका रात्रीत ठरवून टाकलं खाणवाल्यांनी.

२ नोव्हेंबर
भाऊजींनी स्वतःच्या हाताने सगळं लिहून काढलं. किती बकेट, कोणता गिअर, शाफ्ट कुठे तुटला. खाली चढाचं माप. खाणीवरच्या इतर ड्रायव्हरांपैकी चौघांनी सही केली. बाकीचे म्हणतात, बघू. त्यांचीही पोटं आहेत, शिव्या तरी किती द्यायच्या.
उद्या सकाळी आमची गाडी खाणीच्या गेटवर न्यायची. जुनं माप भरत असतील तर आत, नाहीतर गेट अडवून तिथेच उभी. पोलीस बोलावतील, काम कायमचं जाईल, काहीही होईल. भाऊजी म्हणतात, होऊ दे.
जेवताना हे म्हणाले, मीही येतो.
म्हटलं, केबिन उंच आहे, तुम्हाला चढवायचं कसं?
म्हणाले, "सुमन, चढाचं तू मला शिकवू नको."