नंदीसोबतचे लाडू

सौंसर, मंगळवार संध्याकाळ

पिंके, शिकलेली नात तू, तारीख टाकली का कालसारखी विसरली? लिही.

माझा जुना पितळी नंदी मोबाइलवर विकला गेला! पुण्याच्या बाईंना अशा वस्तूंचा शौक. पण पाठवायचा खर्च जास्त झाला तर त्या घेणार नव्हत्या. कुरिअरवाल्याचा भाव ऐकून मी उठलीच. पोस्टाचं साधं पार्सल स्वस्त, तर वजन त्याच्या मर्यादेच्या जरासं वर जाऊन राहिलं.

पोस्टातला बाबू म्हणे, "आजी, आत काय भरलं?"

"नंदी अन् तिळाचे लाडू. परक्या घरी रिकाम्या हातानं कसा पाठवू?"

लाडू काढले अन् वजन बसलं. गेला माझा नंदी! लाडू बाबूनं खाल्ले, पण मला चैन नाही. उपाशीच गेला ना?

पिंके, आता बाईंना माझा पितळी घोडाही हवा आहे, तो पाठवशील तेव्हा चिंध्यांऐवजी भोवती मुरमुरे भर. हलके असतात, धक्का सोसतात, बाईंना खाताही येतात. फक्त कोरडेच भर, फोडणीचे नको. घोडा तेलकट होईल.