डब्याच्या झाकणाआड

रविवार, ६ जुलै
उद्यापासून कॉलेज. ठाण्याला. एफ.वाय.बी.कॉम. आज चर्चमध्ये उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी विचारलं, नवीन ठिकाणी प्रभूसाठी काय करणार. मी सगळ्या मंडळीसमोर उभं राहून सांगितलं, कँटीनमध्ये रोज डबा खाण्याआधी उघडपणे हात जोडून उपकारस्तुती करणार, कोण काय बोलेल याची पर्वा न करता. टाळ्या पडल्या. आईने डोळ्यांना पदर लावला. पाळकसाहेबांनी तिथल्या तिथे २७ तारखेची साक्ष, म्हणजे देवाचा अनुभव सगळ्यांसमोर सांगणं, माझ्या नावावर टाकली. पाच मिनिटं. विषय, 'कॉलेजात न लाजता'.

मी घाबरलेलो नाही. पोटात जे होतंय ते कालच्या सुकटीमुळे, आईलाही तेच सांगितलं.

सोमवार, ७ जुलै
आईने चर्चच्या मंडळीच्या सुवर्णमहोत्सवात मिळालेला स्टीलचा डबा दिला. घट्ट झाकणाचा. घरात असे चार आहेत.

बाकावर शेजारी विनीत. कळव्याचा. मी प्रेम साळवे म्हटल्यावर खूश होऊन जय भीम म्हणाला. मीही जय भीम म्हणालो. यात खोटं काही नाही, बाबासाहेबांचा फोटो आमच्याही घरात आहे. पण मग तो 'हा आपल्यातलाच आहे' म्हणून खांद्यावर हात टाकून सगळ्यांना ओळख करून द्यायला लागला. तेव्हा मी ख्रिस्ती आहे हे सांगायला पाहिजे होतं. मी सगळ्यांशी हात मिळवत गेलो. अख्ख्या वर्गात एक मित्र मिळालेला, तोही पहिल्याच दिवशी घालवायचा, हे देवाला तरी पटेल का?

कँटीनमध्ये विनीत, मी आणि दीप्ती. दीप्ती डोंबिवलीची, फार बारीक बघते. डबा काढला. बुटाची नाडी बांधतो म्हणून टेबलाखाली वाकलो आणि तिथेच उपकारस्तुती उरकली. देव टेबलाखालीही असतो.

संध्याकाळी लक्षात आलं, मी सँडल घालून गेलेलो. कुणी बघितलं नसेल.

बुधवार, ९ जुलै
मार्ग सापडला. डबा उघडला की वाफेचं पाणी निथळवतोय असं दाखवून झाकण तोंडासमोर उभं धरायचं आणि त्याच्या मागे डोळे मिटायचे. समोरच्याला नुसतं स्टील दिसतं. ही पद्धत साक्षीत सांगण्यासारखी आहे. बहुतेक नाही.

दीप्तीने विचारलं, हे काय करतोस. म्हटलं ॲसिडिटी आहे, जेवणाआधी श्वासाचा व्यायाम करतो.

गुरुवार, १० जुलै
दीप्तीने आजीकडून ओव्याची पुडी आणली. समोर बसून तीन चिमटी खायला लावल्या. ॲसिडिटी नव्हती, आता झाली.

मंगळवार, १५ जुलै
विनीत विचारत होता, रविवारी सकाळी फोन बंद का असतो. झोपतो, म्हणालो.

पेत्राने कोंबडा आरवायच्या आत प्रभूला तीनदा नाकारलं. माझी ॲसिडिटी एक, झोप दोन. म्हणजे अजून एक शिल्लक आहे. शिवाय कोळसेवाडीत आमच्या बिल्डिंगजवळ कोंबडा नाही.

शनिवार, १९ जुलै
विनीत दर शनिवारी कळव्याच्या बुद्धविहारात लहान मुलांना गणित शिकवतो. चल म्हणाला, गेलो. सेवा म्हणजे सेवा. उर्वी नावाच्या चौथीतल्या मुलीला भागाकार येत नव्हता, माझ्यामुळे आला. खरंच बरं वाटलं.

निघताना वर्ग चालवणाऱ्या मंदाकिनीताई म्हणाल्या, पुढच्या शनिवारी सुरुवातीची वंदना नवीन दादाने घ्यायची. मी हो म्हणालो. का म्हणालो?

मंगळवार, २२ जुलै
बाथरूममध्ये मोबाईल लावून वंदना पाठ करतोय. आईने बाहेरून विचारलं, साक्षीची तयारी का रे. हो म्हणालो.

तिसरं झालं.

शनिवार, २६ जुलै, सकाळ
वंदना तोंडपाठ. आरशासमोर दोनदा म्हटली. घाबरण्यासारखं काही उरलेलं नाही.

संध्याकाळ
चाळीस मुलं हात जोडून, डोळे मिटून बसलेली. मीही हात जोडले, डोळे मिटले आणि तोंडातून उपकारस्तुती निघाली. हे अन्न दिल्याबद्दल आभार, आमेनपर्यंत सगळी. उर्वीने विचारलं, दादा, आज खाऊ आहे का.

मंदाकिनीताई ओरडल्या नाहीत. विनीत, आज तूच घे बाळा, एवढंच म्हणाल्या.

वर्ग सुटल्यावर पायरीवर बसून विनीतला सगळं सांगितलं. रडलो. आता हा उठून जाणार असं वाटत होतं. तो म्हणाला, आम्हाला पहिल्या आठवड्यातच कळलेलं. तुझ्या झाकणावर 'ख्रिस्त मंडळी, सुवर्णमहोत्सव' कोरलंय. खाली क्रूस, आणि 'येशू जगाचा तारणारा'. ते तू रोज बारा सेकंद आमच्या तोंडासमोर धरतोस. बारा दीप्तीने मोजलेत. झाकण खाली येईपर्यंत आम्ही पण घास थांबवतो, बघितलं नाहीस?

कसं बघणार, डोळे मिटलेले.

विचारलं, मग वंदनेला का नाही अडवलंस. तर म्हणे तू हो म्हणालास, मला वाटलं तुला आवडत असेल. चपला घालताना म्हणाला, रविवारी झोपतो म्हणालास ते मात्र नको होतं बोलायला, तू खरं सांगावंस म्हणूनच विचारलेलं. मला ते लागलं. बाकी कशाहून जास्त.

रविवार, २७ जुलै
साक्ष पाच मिनिटांची होती, चाळीस सेकंदांत संपली. सांगितलं, मी रोज लाजलो, रोज घाबरलो, आईशीसुद्धा खोटं बोललो. साक्ष डब्याने दिली. टाळ्या नाहीत. घरी आल्यावर आई म्हणाली, सुकट नको खाऊस. पाळकसाहेब म्हणाले, सुवर्णमहोत्सवाचा एक डबा उरलाय, हवा तर घेऊन जा.

सोमवार, २८ जुलै
आज झाकण बाजूला ठेवलं. उघडपणे हात जोडले, डोळे मिटले. विनीत आणि दीप्ती घास थांबवून बसलेले. लहानपणापासून दिवसातून तीनदा म्हटलेली उपकारस्तुती, एक शब्द आठवेना. बारा सेकंद कधीच होऊन गेले.

दीप्तीने झाकण उचलून माझ्या तोंडासमोर धरलं. म्हण आता, म्हणाली.

मग आठवली.