शेवटच्या पानावरच्या भुवया

४ मार्च
सूर पुन्हा उतरला! आमच्या गायनवृंदात साथीला वाद्य नाही, सोळा जणांचे नुसते गळे. आम्हाला गाववून घेणाऱ्या कंडक्टरने शेवटचा स्वर पियानोवर ताडून पाहिला, तर आम्ही अर्धा सूर खाली. आमच्यातले एक दंतवैद्य म्हणाले, हॉलचे जाड पडदे सूर गिळतात. नाचता येईना अंगण वाकडं!

नव्या रचनेत शब्दच नाहीत, नुसता ‘आ’. प्रत्येकाचा स्वर वेगळा आणि शेजारच्याला खेटून. कुणामागे लपायची सोय नाही. माझ्या शेजारी नणंदबाई, त्यांचा स्वर माझ्याहून एक पायरी वर.

७ मार्च
सरावाहून आलो की नवऱ्याचा नेहमीचा विनोद — “कंडक्टरने सुटे मागितले का?” त्याची बहीण दर वेळी हसते. मी हसायचं कधीच सोडलं.

११ मार्च
शेवटच्या पानावर नणंदबाई माझ्याकडे बघून भुवया उंचावतात. दर वेळी. भाजीत मीठ जास्त पडलं की अशाच बघतात. वर्ष झालं, मी त्या भुवयांकडे लक्ष देत नाही.

सराव संपल्यावर कंडक्टरने मला खुर्च्या रचताना गाठलं. समोर उभं राहून त्याला सगळं एकत्रच ऐकू येतं, सूर नेमका कुठे निसटतो ते कळत नाही. तुमच्या बाजूला काही जाणवतं का, म्हणाला. मी म्हटलं, “ताईंचा श्वास हल्ली पुरत नाही.” खोटं नाही. जिना चढताना धाप लागते त्यांना. त्याने विचारलं होतं सुराचं, ही गोष्ट वेगळी.

१४ मार्च
अर्धा सूर खाली.

१८ मार्च
कार्यक्रमाला नणंदबाई ही रचना गाणार नाहीत. त्यांची ओळ वृंदातल्या राखीव ग्रंथपाल मुलीकडे. पोरगी सुराला पक्की आहे, कंडक्टरने तिला एकटीला गायला लावून खात्री करून घेतली. नणंदबाईंनी वाद घातला नाही. आपल्या कागदांवरच्या पेन्सिलीच्या खुणा तिला समजावून दिल्या, पाण्याची बाटली उचलली आणि निघाल्या.

गाडीत पट्टा लावताना म्हणाल्या, “आता रांगेच्या त्या टोकाला तू एकटी आहेस हं. सांभाळ.”

टोमणाच! पण बरं वाटलं. इथे खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. झोपही छान लागली.

२१ मार्च
त्यांच्याशिवाय पहिला सराव. अख्खा सूर खाली!

कंडक्टरने शेवटचं पान परत घ्यायला लावलं आणि या वेळी रांगेतून कान देत फिरला. माझ्यापाशी आला, तो तिथेच थांबला. मग माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. तस्संच.

“अशा वर धरा,” म्हणाला. “गाताना भुवया वर राहिल्या की सूर खाली सरकत नाही. जुनी युक्ती आहे. ताईंनी कधी सांगितलं नाही?”

सांगत होत्या. दर वेळी.