इचिकावाच्या थिएटरमधला ऑर्गन

१२ ऑक्टो.
वादळ गेलं, नदीचं पाणी उतरलं. जपानी वर्गाच्या बाईंनी आम्हा सगळ्यांना स्टेशनमागच्या जुन्या थिएटरात सफाईला नेलं. घोटाभर चिखल. स्टेजच्या बाजूच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ उपड्या बादलीवर बसले होते, हयाशी-सान. मागे ऑर्गन, भिंतीएवढा, शेकडो नळ्यांचा. मूकपटांच्या काळात आणलेला. पन्नास वर्षं हेच वाजवतायत, हेच राखतायत. पाणी कमरेपर्यंत चढलं होतं. वाजवायच्या बाकावर कोणीतरी ‘मोठा कचरा, उचलून न्या’ अशी पालिकेची चिठ्ठी चिकटवलेली. मी ती काढून टाकली. का ते माहीत नाही.

१५ ऑक्टो.
पुन्हा गेले. मुक्ता शाळेत, मिलिंद ऑफिसला, घरी बसून करणार काय. खालची हवेची पेटी उघडली, जिच्यावर सगळ्या नळ्या उभ्या असतात ती. प्रत्येक नळीखाली नाण्याएवढं चामड्याचं झाकण. सगळी फुगून बुळबुळीत, सरस विरघळलेला. वास ओळखीचा, अण्णांच्या मिरजेच्या दुकानाचा. हयाशी-सानांना म्हटलं, माझे वडील हार्मोनियम दुरुस्त करतात.
"वडील करतात. आणि तुम्ही?"
अण्णांनी दादाला शिकवलं. मी शेजारी बसून बघायचे.

१७ ऑक्टो.
कॉलिंग कार्डावरून अण्णांना फोन. "सावलीत सुकव. हीटर नको, जोराचा वारा नको. महिना लागला तरी लागू दे." मग एकदम, "तू करतेयस?"
हो म्हटलं. "सरस पातळ ठेव," म्हणाले आणि कार्ड संपलं.

३ नोव्हें.
रोज दहा ते दोन. जुनं चामडं गरम ओल्या फडक्याने सोडवायचं, खरवडायचं, नवं कापून चिकटवायचं. आज अकरा झाली. एकूण चारशेच्या वर आहेत, तिकडे बघायचंच नाही. हयाशी-सानांचे हात थरथरतात, म्हणून कापणं माझ्याकडे. ते मला शिंदे-सान म्हणतात. तीन वर्षं इथे मी मुक्ता-चानची आई होते.

२४ नोव्हें.
वाईट. थिएटरचे मालक भला माणूस, मदत म्हणून सुट्टीत खोलीत दोन मोठे हीटर लावून गेले. हवेची पेटी लांबीभर तडकली. बोट जाईल एवढी फट. मालक वाकवाकून माफी मागत होते. हयाशी-सान "ठीक आहे" म्हणाले आणि बाहेर जाऊन उभे राहिले.
अण्णांचं सांगणं मी त्यांना कळवलं होतं. मालकांना कोणीच नाही. मी सांगायला हवं होतं.

१० डिसें.
फटीत लाकडाच्या पट्ट्या बसवल्या. आता लाकडी नळ्यांचे सांधे उघडतायत. एक जोडावी तर दुसरी...
मिलिंद म्हणाला, "मेलेल्या वस्तूवर किती दिवस घालवणार आहेस?" रागाने नाही. त्याला खरंच कळत नाही. मलाही.

२० जाने.
आज हवा सोडून पाहिली. हयाशी-सान बाकावर, मी मागे पेटीपाशी. निदान चाळीस नळ्या बोलतील असं वाटलं होतं. सहा बोलल्या. त्यातली एक, पट्टी सोडली तरी थांबेचना. बाकी नुसती हवा, फटीतून. हयाशी-सानांनी मोटर बंद केली, चष्मा पुसला.
"तुमचं चामडं हवा धरतंय. लाकूड गेलंय."
घरी येऊन रडले.

८ फेब्रु.
मालकांनी टोकियोहून जाणकार आणला. दोन तास बघितलं त्याने. हवेची पेटी पूर्ण नवी करावी लागेल, आणि तशी करणारं त्याच्या माहितीत कोणी उरलेलं नाही. मालक म्हणाले, उन्हाळ्यापर्यंत थांबतो, मग खोली मोकळी करावी लागेल.
ते गेल्यावर हयाशी-सान मला म्हणाले, "आपण करू. मी सांगेन, तुम्ही करा." ते एक्क्याऐंशीचे. मी आयुष्यात रंधा धरलेला नाही. हो म्हणून आले.

२ मार्च
मिलिंदचं कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेर संपतंय, २९चं परतीचं तिकीट. मला दिवाळीपासून माहीत होतं. हयाशी-सानांना आज सांगितलं. ते नव्या पेटीचं चित्र काढत होते. पेन्सिल थांबली नाही.
"ही बाजू अजून काढायची आहे," एवढंच.

१३ मार्च
जेवताना विषय काढला. "कंपनी सहा महिने वाढवून देत होती ना?"
"मी नको म्हणून कळवलं. मुक्ताचं मराठी सुटत चाललंय, तूच म्हणाली होतीस."
म्हणाले होते. खरं आहे ते. मुक्ता वरणभात कालवत जपानीत काहीतरी पुटपुटली.
"काय म्हणाली?" मिलिंदने विचारलं.
"आईला राहायचंय, म्हणाली."
मग त्याने विचारलं, "वाजेल का तो?"
"बहुतेक नाही."
त्याने ताट उचललं, सिंकमधे ठेवलं, तिथेच पाठमोरा उभा राहिला. "उद्या विचारून बघतो. आता देतीलच असं नाही."
सकाळी दहाला लाकूड येणार आहे, उतरवून घ्यायला हयाशी-सान एकटेच आहेत.