इमोजीनचं डोकं दुखतंय

२ मार्च
मिळालं! इमोजीनला. यंदाची चीफ रेसिडेंट, आम्हा शिकाऊ डॉक्टरांची प्रमुख — इमोजीन बॅटल. विभागप्रमुख डॉ. हॅस्केलनी नाव वाचलं आणि सगळ्यात जोरात टाळ्या मीच वाजवल्या. तळवे अजून चुरचुरताहेत.
बारा जणांत काळ्या आम्ही दोघीच. दोघींतली एकच वर जाणार, हे कुणी बोलत नाही. बोलायची गरजच नाही.

४ मार्च
आईचा फोन. "लव्हॉन, इमोजीनच्या आईने आज अख्ख्या चर्चला केक वाटला गं!"
मग? मी काय करू?

१९ मार्च
सात नंबरच्या खाटेवरच्या गोऱ्या आजोबांनी मला जेवणाचा ट्रे उचलायला सांगितलं. म्हटलं, मी तुमची डॉक्टर. "असेल, असेल. खरे डॉक्टर कधी येणार?"
इमोजीनलाही हेच ऐकावं लागतं. ती हसते, ट्रे उचलते आणि मग नाडी बघते. मला नाही जमत. म्हणून ती 'समजूतदार'. आणि मला — "जरा सौम्य बोलत जा, लव्हॉन."
गरोदरपणाच्या सातव्या महिन्यातही तिच्या कोटाची इस्त्री मोडत नाही. बघवत नाही मला!

११ मे
इमोजीनला मुलगी झाली. आमच्याच हॉस्पिटलात. सगळं हिलाच!

१३ मे
फुलं घेऊन गेले. ती डोकं धरून बसलेली. "फुटतंय गं. डोळ्यांपुढे ठिपके नाचताहेत. तीनदा सांगितलं. नर्स म्हणते, झोप झाली नाही. डॉक्टर म्हणतात, तुम्हा डॉक्टर बायकांना शंकाच फार. तू सांग ना त्यांना!"
"सांगते," म्हटलं.
नर्सच्या टेबलाशी थांबलेसुद्धा. मग वाटलं — बाईसाहेबांना इथेही खास वागणूक हवी! लिफ्टने खाली आले.

१४ मे
पहाटे इमोजीनच्या मेंदूत रक्तस्राव. उजवं अंग गेलं. वाचा गेली.
बाळंतपणानंतर डोकं दुखतंय, ठिपके दिसताहेत — आधी रक्तदाब बघायचा. पहिल्या वर्षाच्या पोरांना मीच शिकवते हे. मीच!

२३ मे
हॅस्केलनी बोलावलं. तिचं पद आता माझ्याकडे. मी आभार मानले.

२ जून
इमोजीनने आज डाव्या हाताने वहीत लिहिलं — तू सांगितलं होतंस ना?
"हो," मी म्हणाले. "पण आपलं कोण ऐकतंय?"
तिने माझा हात घट्ट धरला.