तुझ्या यादीतला आकडा

९ मार्च

ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. तिकडेही असेल असं धरून चालते, कारण एकमेकींना विचारायची सवय आपल्या दोघींचीही मोडली आहे. माझा गुडघा कुरकुरतो. खिडकीची फुटलेली काच अखेर बदलून घेतली. आमच्या अंधशाळेत वार्षिक परीक्षा महिन्यावर आली आहे आणि मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, कुणाशी सरळ बोलेनाशा झाल्या आहेत. झाली खुशाली. आता कामाचं.

तुझा पॅच मी मेलिंग लिस्टवर वाचला. खाली तुझं नाव आणि हुद्दा. तीनदा वाचला, कारण हे तू लिहिलं असशील यावर माझा विश्वास बसेना. लिस्टवर दोघातिघांनी नाकं मुरडली आहेत, पण त्यांना तुमची कंपनी भीक घालणार नाही. तिथे पॅच मंजूर नाही झाला तर एक तारखेपासून तुम्ही तेच स्वतःच्या अपडेटमधून घरोघरी पाठवणार आहात, असंही तिथे लिहिलं आहेस.

हे पत्र तुझ्यानंतर तुमच्या वकिलांच्या टेबलावर जाणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून हा एक परिच्छेद त्यांच्यासाठी. तू सोडून दे, नाहीतर धाकटी मला शिकवायला लागली म्हणून हसशील. तर वकीलसाहेब, कुठलंही यंत्र, उदाहरणार्थ पडद्यावरचा मजकूर बोटांखाली ठिपक्यांत उठवणारी ब्रेल पट्टी, संगणकाला जोडलं की ते आधी दोन आकडे सांगतं: मला कुणी बनवलं आणि मी कोणतं मॉडेल. कर्नल, म्हणजे संगणकाचा सगळा कारभार हाकणारा मूळ प्रोग्रॅम, ते आकडे घेऊन एकेका ड्रायव्हरची यादी तपासतं. ड्रायव्हर म्हणजे त्या यंत्राची भाषा जाणणारा प्रोग्रॅम, आणि पॅच म्हणजे त्यात सुचवलेला बदल, जो लिस्टवर सगळ्यांपुढे मांडावा लागतो. ज्याच्या यादीत आकडे सापडले त्याला कर्नल बोलावून म्हणतं, जरा बघ, हे तुझंच आहे ना. ड्रायव्हर यंत्राशी दोन शब्द बोलून बघतो. पटलं तर ताब्यात घेतो. नाही पटलं तर ‘माझं नाही’ म्हणतो, आणि कर्नल बिनतक्रार पुढच्याची यादी उघडतं. नाही म्हणण्यात काहीच कमीपणा नाही. ती सोय मुद्दाम ठेवलेली आहे.

पॅच चढवल्यावर तुझा ड्रायव्हर मात्र ‘नाही’वर थांबत नाही. ब्रेल पट्टी जोडली की तो तिला एक प्रश्न विचारतो, ज्याचं उत्तर फक्त तुमच्या कंपनीच्या अस्सल चिपला येतं. उत्तर चुकलं की तो पट्टीच्या आतले दोन्ही आकडे पुसून तिथे शून्य लिहितो. मग ती पट्टी जगातल्या कुठल्याही संगणकाला लावा, कुणाच्याच यादीत सापडणार नाही. एखाद्याला दारातून परत पाठवणं मी समजू शकते. परत पाठवताना त्याचे पाय तोडायचे, हे तुला कुणी शिकवलं?

मी करून पाहिलं. परवा दुपारी कार्यालयातल्या जुन्या संगणकाला सतरा नंबरची पट्टी जोडली आणि तुझा पॅच चढवायला घेतला. शेजारी नववीतली एक मुलगी बसली होती. सगळ्यांना दटावते म्हणून तिला आम्ही फौजदार म्हणतो. पडद्यावर भूगोलाचा धडा होता. पट्टीवरचे ठिपके वर-खाली होत होते आणि तिची बोटं भराभर वाचत पुढे चालली होती. पॅच चढला आणि सगळे ठिपके एकदम खाली बसले. तिने दोन्ही हातांनी पट्टी चाचपली आणि म्हणाली, “बाई, ही मेली का?”

मी म्हटलं, नाही, दुरुस्त करते. केलीही. पट्टी उघडून, चिप सोडवून, तिच्यात पुन्हा आकडे घालून, परत डाग देऊन बसवायला दीड दिवस लागला. शाळेत अशा एकेचाळीस पट्ट्या आहेत. बाबांच्या कारखान्यातून, तुमच्या कंपनीचे आकडे घालून, अशा सहाशे गेल्या होत्या. शाळेतले संगणक मी अडवून धरीन, कुणाचा बाप आला तरी अपडेट आत येऊ देणार नाही. पण बाकीच्या पाचशे एकोणसाठ कुणाच्या घरी, कुणाच्या टेबलावर आहेत, मला माहीत नाही. त्या लोकांना कळणारही नाही की काय झालं. त्यांना वाटेल आपलंच काहीतरी चुकलं.

तुझं म्हणणंही मला कळतं. खोटी पट्टी बिघडली की शिव्या तुम्हाला बसतात, आणि दुसऱ्याचा आकडा लावून फिरणं ही फसवणूकच आहे. मग नाही म्हण ना. एवढंच मागते आहे. या पट्ट्यांसाठी मी वेगळा ड्रायव्हर लिहिते आहे; त्याच्या यादीत तेच आकडे असतील. तुझ्या ड्रायव्हरने ‘माझं नाही’ म्हटलं की कर्नल माझ्या ड्रायव्हरला विचारेल आणि तो हो म्हणेल. फक्त पुसायच्या त्या नऊ ओळी काढून टाक.

उत्तर पाठवलंस तर बरं वाटेल. नाही पाठवलंस तरी मी गप्प बसणार नाही.

धाकटी


२६ मार्च

ताई,

तुझं उत्तर मिळालं. तीन ओळी. त्या इथे उतरवून काढते, म्हणजे आपण काय लिहिलं ते तुलाही पुन्हा दिसेल. “बाबांनी केलेल्या चोरीवर तू अजून पांघरूण घालते आहेस. चोरीचा माल तो चोरीचा माल. अपडेट एक तारखेला जाणारच.”

नमस्कार लिहायचा राहिला. असू दे. माझा गुडघा बरा आहे. ड्रायव्हर लिहून झाला, एकेचाळीसही पट्ट्यांवर चालवून पाहिला. फौजदारने त्यातली एक दिवसभर वापरली आणि संध्याकाळी सांगितलं की ठिपके पूर्वीपेक्षा किंचित सावकाश उठतात, लक्ष घाला. घातलं. खरंच सावकाश उठत होते. मोठ्या बाईंनी स्वतःच्या बोटांनी अर्धं वर्तमानपत्र वाचून काढलं आणि वाचून झाल्यावर सरकारवर चिडल्या, म्हणजे पट्टी व्यवस्थित चालते.

मी उगाच वेळ काढते आहे. आता लिहिते.

तो आकडा बाबांनी घातला नव्हता. मी घातला.

एकदा नीट आठवून बघ. बाबा कळफलकावर एका बोटाने टकटक करायचे, अक्षर शोधताना चष्मा वर सारायचे. लेथवर बसले की पट्टीचे ठिपके उचलणारी केसाएवढी टाचणी काढायचे, पण चिपमध्ये प्रोग्रॅम घालणं त्यांच्या बापजन्मात जमलं नसतं. हे तुला माझ्याइतकंच माहीत होतं. तरी त्या दिवशी त्यांनी ‘मी केलं’ म्हटलं आणि तू मान्य केलंस. तुला मान्य करायचं होतं, असं मला वाटतं. तू घर सोडून मोठ्या कंपनीत गेलीस म्हणून बाबा तुला पाण्यात पाहतात, अशी तुझी तेव्हा समजूत होती. त्यात हे सोयीचं बसलं.

घडलं ते असं. स्वतःचा आकडा मिळवायला अर्ज करावा लागतो. आपला अर्ज दोनदा परत आला, कारण दोन खोल्यांच्या कारखान्याला ते कंपनी मानत नव्हते. पहिल्या साठ पट्ट्या तयार होऊन टेबलावर पडल्या होत्या आणि ही शाळा त्यांची वाट बघत होती. चिपमध्ये आकड्यांच्या दोन जागा रिकाम्या. रिकाम्या ठेवल्या तर कुठलाच ड्रायव्हर त्यांना विचारणार नाही. तुझा ड्रायव्हर तेव्हा नुकताच कर्नलमध्ये गेला होता, कुणालाही वाचता येत होता. मी तो महिनाभर वाचला. इतका स्वच्छ लिहिला होतास की मला अभिमान वाटायचा, हेही सांगून टाकते. तो पट्टीला जे विचारतो त्याला नेमकं तेच उत्तर देणारी चिप मी बनवली आणि त्या दोन जागी तुझ्या यादीतले आकडे घातले. बाबांना सांगितलं की चिप येतानाच आकडे आत असतात. त्यांनी मान डोलावली आणि जाऊन खोकी बांधायला घेतली.

पट्टी जोडली आणि पहिल्या झटक्यात तुझ्या ड्रायव्हरने तिला आपली म्हटलं. मी आनंदाने ओरडले होते. त्या आनंदाची मला आजही लाज वाटत नाही.

तीन वर्षांनी तू, आपल्या पट्ट्यांत तुमच्या कंपनीचे आकडे सापडल्याचा कागद घेऊन आलीस. आपल्याच माणसांना गुपित फोडलंस का, म्हणून तुला ऑफिसात चार जणांसमोर उभं केलं होतं. तू विचारलंस, हे कुणी केलं. बाबांनी कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना तेव्हाच कळलं. माझं तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, मी केलं. आणि मी तोंड मिटून घेतलं. ताई, ते मिटलेलं तोंड मी पंधरा वर्षं तसंच ठेवलं. आकडा घालणं हा त्यापुढे काहीच गुन्हा नव्हता.

तू गेल्यावर मी त्यांच्याशी भांडले. तिला आत्ता फोन करून सांगते, असं मी म्हणाले. त्यांनी मला समोर बसवलं. म्हणाले, “माझ्यावर रागावली तर कधीतरी येईल. तुझ्यावर रागावली, तर माझ्यामागे तुम्हा दोघींना कुणी उरणार नाही.” आई तर आपण शाळेत असतानाच गेलेली. मला ते पटलं. म्हणजे सोयीचं वाटलं, खरं तेच लिहिते. मी फोन केला नाही.

तू चार वर्षं आली नाहीस. आलीस तेव्हा बाबांचं सगळं आटोपलं होतं आणि तू दारात चपला न काढताच उभी राहिलीस. शेवटच्या आठवड्यात ते रोज विचारत होते, तिला कळवलंस का. कळवलं होतं मी, तीनदा. पण जे कळवायला हवं होतं ते नाही कळवलं.

आकड्याबद्दल मी तुझी माफी मागणार नाही. परत तशीच वेळ आली, साठ पट्ट्या टेबलावर आणि मुलं वाट बघत, तर परत तेच करीन. बाबांबद्दल मागते. तुझे वडील मी तुझ्यापासून चार वर्षं तोडले, आणि त्याची भरपाई माझ्याकडे नाही. माफ कर असं म्हणायचाही मला हक्क आहे की नाही, कळत नाही. तरी म्हणते.

आज सकाळी अकरा वाजता माझा ड्रायव्हर मी लिस्टवर पाठवला. माझ्या पूर्ण नावाने. पॅचबरोबर तो का हवा हे चार शब्दांत लिहायचं असतं, तिथे मी लिहिलं आहे: या सहाशे पट्ट्यांमध्ये दुसऱ्या कंपनीचे आकडे मी स्वतः घातले, माझ्या वडिलांना त्याची कल्पना नव्हती. हे आता कुणालाच पुसता येणार नाही; लिस्टवरचं कायमचं राहतं. मोठ्या बाईंना आधीच सांगितलं होतं आणि राजीनामाही नेऊन दिला होता. त्यांनी तो बोटांनी चाचपला, हा कोरा कागद आहे म्हणाल्या, आणि परत दिला. शाईने लिहिलेलं त्यांना वाचता येत नाही, ही सबब त्या बरी वापरतात.

तेव्हा तुमच्या वकिलांना खुशाल पाठव. बाबांच्या नावाची नोटीस पाठवू नकोस, ती मी घेणार नाही. कोर्टात उभं राहायची माझी तयारी आहे. न्यायाधीशांपुढे मी एक पट्टी जोडून दाखवीन.

तुझा ड्रायव्हर जुना आहे, कर्नल आधी त्यालाच विचारणार. पट्टी पुढे येईल तेव्हा तू नाही म्हण. मलाही नाही म्हण, हवं तर जन्मभर म्हण, मी ते ऐकून घेईन. पण तिच्या आत हात घालू नकोस. त्या टाचण्यांतली एकूणएक बाबांनी काढलेली आहे.

एक तारखेला मी शाळेत असेन. त्यानंतर कुठे असेन ते तुमच्यावर आहे. आरोपी म्हणून माझा पत्ता पॅचच्या खाली लिहिला आहे, तो वकिलांना दे. बहीण म्हणून तो तुला पाठ आहे.

तुझीच,
जिने केलं ती